अब्बासचाचांचा पांढरा ठिपका

अब्बासचाचांना गिऱ्हाईक आवडत नसे. दुकानात सेल्समन म्हणून अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाबद्दल हे लिहिताना मलाच विचित्र वाटतंय, पण खरं तेच आहे. काचेचं दार ढकलून कोणी आत आलं की चाचा आधी त्याच्या बुटांकडे बघत, मग हातातल्या गाडीच्या किल्लीकडे, आणि मग भरल्या पानावरून उठवल्यासारखा चेहरा करून स्टुलावरून उठत. "वेलकम" हा शब्द त्यांनी माझ्यादेखत एकदाही उच्चारला नाही. तो दारावर लिहिलेला होता, तेवढा पुरे असं त्यांचं मत.

दुकान अबू धाबीच्या मुसफ्फा या कारखान्या-गोदामांच्या भागात होतं. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला गाड्यांचे एसी दुरुस्त करणारा, आणि मधे आम्ही. तंबू, घडीच्या खुर्च्या, ससाण्यांच्या डोळ्यांवर घालायच्या चामडी टोप्या, दुर्बिणी, आणि एका कुलूपबंद काचेच्या कपाटात रात्रीच्या शिकारीला लागणारी महागडी यंत्रं. शिकार इथं कोणीही उठून करू शकत नाही. ज्यांच्याकडे परवाना आणि स्वतःचा राखीव माळ आहे ते इथं करतात, बाकीचे हिवाळ्यात विमानानं दुसऱ्या देशात जाऊन करतात. मी तिथं वेबसाइट आणि ऑनलाइन ऑर्डरी सांभाळायला लागले तेव्हा मला त्या कपाटातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"दोन जाती हायत," चाचांनी पहिल्याच दिवशी शिकवणी घेतली. ते दाभोळच्या खाडीपलीकडचे, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या बोलण्यातली खाडी काही आटली नव्हती. "एक नाइट व्हिजन. चांदण्याचा, ताऱ्यांचा जो काय थोडा उजेड असेल तो वाढवून दाखवतो. शिंगं दिसतात, शेपूट दिसतो, अंगावरचा कपडा दिसतो. पण साफ काळोख असला तर त्याला स्वतःची बत्ती लावायला लागते, आणि धूळ उडाली की ती बत्ती धुळीवरच पडते. दुसरा थर्मल. त्याला उजेडाशी घेणंदेणं नाय. अंगातली ऊब बघतो तो. काळोख असो, धूळ असो, लांबवरचा जनावर पांढराफेक चमकतो."

"मग थर्मलच चांगलं की," मी म्हटलं.

चाचांनी ड्रॉवर उघडला आणि प्लास्टिकमध्ये घट्ट बसवलेला, कोपरे वळलेला एक फोटो माझ्यापुढे सरकवला. "थर्मलमधला हाय. हे काय हाय, सांग."

काळ्या जागेवर एक पांढरा ठिपका. खाली रुंद, वर निमुळता. बाकी काही नाही.

"बकरी," मी म्हणाले. "बसलेली."

"बरं," असं म्हणून त्यांनी फोटो परत ड्रॉवरमध्ये ठेवला. बरोबर की चूक ते सांगितलं नाही. फक्त त्या कपाटाच्या किल्लीला मला पुढचे सहा महिने हात लावू दिला नाही.

नंतर कळलं की हा फोटो सगळ्यांनाच दाखवला जातो. थर्मल मागणारा कोणीही असो, साइट इंजिनियर असो की मोठ्या घरचा मुलगा, आधी चाचांची परीक्षा. उत्तरं ऐकण्यासारखी असत. कोल्हा. ससा. हरण. उंटाचं पिल्लू. एकजण म्हणाला, "माझी सासू," आणि स्वतःच खो खो हसला. चाचांनी त्याला तंबूच्या खुंट्या दाखवल्या. माणसाला आपल्याला दिसत नाही हे कबूल करण्यापेक्षा सासू दिसलेली परवडते, हे मी त्या दुकानात शिकले.

उत्तर दिलं की चाचांचं ठरलेलं भाषण सुरू होई. एकटं थर्मल मिळणार नाही. दोन्ही घ्या, आणि बरोबर दोन माणसं ठेवा. थर्मलवाल्यानं शोधायचं, नाइट व्हिजनवाल्यानं ओळखायचं, त्यानं तोंडानं नाव सांगायचं, आणि मगच तिसऱ्यानं बंदुकीच्या घोड्याला बोट लावायचं. "थर्मल तुमको बोलेगा कोई है. कौन है, वो नहीं बोलेगा," हे वाक्य ते हिंदीत, अरबीत आणि गरज पडलीच तर आपल्या बोलीत म्हणत. ऐकणाऱ्याचा चेहरा पडे. सहा हजार दिरहॅमचं, म्हणजे जवळजवळ दीड लाखाचं यंत्र घ्यायला आलेल्या माणसाला त्याच्याबरोबर अक्कलही घ्यावी लागते हे आवडत नाही.

तीन वर्षांत एकाच माणसाला मी एकटं थर्मल बिनबोभाट मिळताना पाहिलं. एक म्हातारा अमिराती, उंट पाळणारा. रात्री भरकटलेले उंट शोधायला त्याला ते हवं होतं. त्यानं फोटो लांब धरला, जवळ धरला, चष्मा काढून बघितला आणि म्हणाला, "अल्लाह आलम." देवाला ठाऊक. चाचा उठून उभे राहिले, मला चहा सांगायला लावला, आणि किंमतही कमी केली. म्हाताऱ्याच्या वयाचा मान ठेवला असेल, असं मला वाटलं.

आपल्या लोकांवर मात्र चाचांचा विशेष लोभ होता. दुबईहून एकदा तीन मराठी सद्गृहस्थ आले. आफ्रिकेत शिकारीचं पॅकेज बुक केलेलं. तिघांनी मिळून आयुष्यात डासापलीकडे काही मारलं नसावं, पण एकाच्या लॅपटॉपमध्ये चौदा रकान्यांचा तक्ता होता. सेन्सर किती, पल्ला किती, बॅटरी किती तास, वजन किती, कोणाला किती स्टार. त्या तक्त्यात दोन यंत्रं बरोबरीत सुटली होती आणि त्यामुळे ते बेचैन होते.

"काका, फायनली तुमचं रेकमेंडेशन काय?" तक्तेवाल्यानं विचारलं.

"काय मारणार?" चाचांनी विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो रकाना राहिला होता.

तरी ते हट्टानं म्हणाले की थर्मल आधी बघायचंच. चाचांनी संध्याकाळी एक यंत्र हातात दिलं आणि मागच्या मोकळ्या मैदानात जायला सांगितलं. ऑगस्टचा महिना. हे तिघं मैदानात गेले, पण गाडीतून उतरले नाहीत. कोण उतरणार त्या उकाड्यात? एसी फुल्ल, काचा वर, आणि आत बसून काचेतून पाहणी सुरू. दहा मिनिटांत परत.

"डिफेक्टिव पीस आहे," तक्तेवाला म्हणाला. "काहीच दिसत नाही. नुसता एक पांढरा गोळा दिसतो, आणि तो हलतो."

"तो तुम्ही हाय," चाचा म्हणाले. "थर्मल काचेच्या पलीकडं बघत नाय. काचेवरून तुमचीच ऊब तुम्हाला परत दिसली."

हे त्या चौदा रकान्यांत कुठेच नव्हतं. या देशात पंधरा पंधरा वर्षं काढलेला आपला माणूस एसीच्या काचेआडूनच जग बघतो, आणि त्यात त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो तेव्हा यंत्राला नावं ठेवतो. ते तिघं काही न घेता गेले. घडीची एक खुर्ची तेवढी घेतली, डिस्काउंटमध्ये.

स्वतः चाचांनी मात्र जन्मात बंदूक उचलली नव्हती. बकरी ईदला कुर्बानीच्या वेळी ते मान फिरवून उभे राहत, असं त्यांचा फुजैराच्या बंदरावर काम करणारा चुलतभाऊ हसत हसत सांगे. हा चुलतभाऊ शुक्रवारी मासे घेऊन येई. चाचा एकेक मासा उचलून त्याचे कल्ले उघडून बघत, डोळा दाबून बघत, आणि तीन परत देत. मी सुपरमार्केटमधून बर्फातले पांढरे तुकडे आणते हे एकदा कळल्यावर ते चार दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. "ज्याचा डोळा बघितला नाय तो मासा खाल्लास तरी कसा?" असं पाचव्या दिवशी विचारलं.

"चाचा, तुम्ही शिकार करत नाही, मग शिकाऱ्यांना एवढं शिकवता कशाला?" मी एकदा छेडलंच.

"डायवर दारू पीत नाय म्हणून त्याला बारवाल्याशी बोलायची बंदी हाय काय?" ते म्हणाले. याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही, पण ते ज्या ठसक्यात बोलले त्यावरून माझा मुद्दा खोडला गेला असावा.

त्या फोटोचं मला वेडच लागलं. एकदा मोबाइलमध्ये त्याचा फोटो घेऊन मी मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या घरी नवऱ्याला दाखवला. नवरा इंजिनियर. त्यानं तो मोठा केला, उजळ केला, कडा मोजल्या आणि निकाल दिला, "बकरी. नव्वद टक्के."

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या ऐटीत चाचांना ते सांगितलं. ते भिंगं पुसत होते. भिंगं पुसायला त्यांच्याकडे बायकोच्या जुन्या ओढणीचा एक मऊ तुकडा होता, दुसरं कापड चालत नसे. पुसता पुसता थांबले.

"उरलेल्या दहा टक्क्यांत कोणाचा बाप बसलाय, ते विचार त्याला," म्हणाले, आणि पुन्हा पुसायला लागले.



मग समीर आला. समीर आमचा नवा मॅनेजर, पुण्याचा, एमबीए, गळ्यात कार्ड आणि तोंडात टार्गेट. पहिल्या आठवड्यात त्यानं दुकानातली सगळी स्टुलं काढून टाकली, कारण बसलेला सेल्समन लेझी वाटतो. चाचा तंबूच्या खोक्यावर बसायला लागले. समीरनं कपाटावर एक पोस्टर लावलं, 'अंधारातही सगळं पाहा'. चाचा त्या पोस्टरकडे रोज सकाळी एकदा अशा नजरेनं बघत की तो कागद लाजून खाली गळून पडला असता.

"चाचा, तुम्ही कस्टमरला घाबरवता," समीर म्हणाला. "त्याला कॉन्फिडन्स द्या."

"कॉन्फिडन्स तो घेऊनच येतो, साहेब. तो कमी करायला बसलोय मी."

समीर हसला नाही. त्याला चेष्टा कळायला मीटिंग बोलवावी लागे. पण त्याच्या हातात चाचांची दोरी होती. चाचांचं वय साठीच्या पुढे, आणि जानेवारीत व्हिसा संपत होता. या वयात कंपनीनं सही केली तरच पुढची दोन वर्षं, नाहीतर खलास. आणि दोनच वर्षं हवी होती. धाकटा मुलगा जुनैद रत्नागिरीला इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. चाचांनी हिशेब सरळ लावला होता. त्याचं कॉलेज संपेल त्या महिन्यात आपण घरी. त्याच्या वाढीची सगळी वर्षं त्यांनी फोनवरच पाहिली होती, निदान पदवी घेताना तरी समोर बसू म्हणत.

समीरनं ते ओळखलं होतं. नोव्हेंबरात मालकांच्या ओळखीतलं एक मोठं गिऱ्हाईक येणार होतं. सहा मित्रांची टोळी, परदेशात शिकारीला निघालेली, आणि सहाच्या सहा थर्मल हवीत.

"ही डील झाली की मी स्वतः तुमची फाइल वर पाठवतो," समीर चाचांना म्हणाला. माझ्यासमोरच म्हणाला, मी टेबल असल्यासारखी. "फक्त तो फोटो नको. प्लीज. एक दिवस."

"इन्शाल्ला," चाचा म्हणाले.

आखातात हा शब्द होकारासाठीही वापरतात आणि नकारासाठीही, हे समीरला कळायला अजून दोन वर्षं लागली असती.

टोळी आली. चांगले हसरे, अत्तराचा घमघमाट सोडणारे तरुण लोक. पुढारी होता त्यानं चाचांच्या खांद्यावर हात ठेवून "कैफ हालक, हबीबी" म्हणत ख्यालीखुशाली विचारली. सहा खोकी समीरनं आधीच काउंटरवर रचून ठेवली होती. बिलही छापून तयार होतं. चाचांनी फक्त खोकी उघडून दाखवायची होती. त्यांनी पहिलं उघडलं, भिंग पुसलं, यंत्र त्याच्या हातात दिलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात पुढाऱ्यानं ते डोळ्याला लावलं, दाराबाहेर रस्त्याच्या दिशेनं रोखलं आणि गंमतीनं तोंडानं "ठो" केलं.

चाचांनी ड्रॉवर उघडला.

"चाचा," समीर म्हणाला.

चाचांनी फोटो काउंटरवर ठेवला. "ये क्या है, बताइए."

"गझाल," पुढारी लगेच म्हणाला. हरण. "और क्या!"

"माफ करना," चाचा म्हणाले. "छह नहीं दूँगा. तीन थर्मल, तीन नाइट व्हिजन. ढूँढनेवाला अलग, पहचाननेवाला अलग. नहीं तो एक भी नहीं."

पुढाऱ्याला आधी ती विक्रीची युक्ती वाटली. मग कळलं की हा म्हातारा त्याला खरंच नाही म्हणतोय, मित्रांदेखत. त्याचं हसू मावळलं. तो समीरशी दोन वाक्यं बोलला, "यल्ला", म्हणजे चला, म्हणाला, आणि सहाही जण निघून गेले. त्यांनी तीच यंत्रं संध्याकाळपर्यंत दुसऱ्या दुकानातून घेतली असणार, हे समीर नंतर पंधरा मिनिटं ओरडून सांगत होता. ते खोटं नव्हतंच. चाचा ऐकत होते आणि खोक्यातली थर्माकोलची भोकं जुळवून यंत्र परत आत बसवत होते.

मला त्या दिवशी चाचांचा भयंकर राग आला. कसली ही मिजास! पोराचं कॉलेज पणाला लावून कोणाला शिकवायला निघाले होते? मी तसं तोंडावर म्हटलंही. ते म्हणाले, "जेव गो बाय, डबा गार झाला तुझा."

फाइल वर गेली नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चाचांचा शेवटचा दिवस आला. निरोपाला समीरनं केक आणला होता, त्यावर चाचांच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं. तो केक कापून समीर मीटिंगला गेला. दुकानात आम्ही दोघंच राहिलो.

"आता तरी सांगा," मी म्हटलं. "काय आहे त्या फोटोत?"

चाचा खोक्यावर बसले. ओढणीच्या तुकड्याची घडी घातली.

"थर्मल नवीन आलं होतं तेव्हा," ते म्हणाले. "एक जुना गिऱ्हाईक मला त्याच्या माळावर घेऊन गेला, मशीन चालवायला. मला कोण मान! गालिचावर बसवला, हातानं खजूर दिले. रात्री मी बघत होतो, आणि हा दिसला. लांब. मी बटण दाबून फोटो काढला. सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. क्या है, अब्बास? आता मी एक्सपर्ट ना. मला माहीत नाय, असं कसं बोलू? मी बोललो, बकरी. जंगली बकरी."

"मग?"

"त्यानं गोळी मारली."

बाहेर टायरवाल्याचं हवा भरायचं यंत्र सुरू झालं आणि बंद पडलं. चाचा त्यासाठी थांबले होते की काय, कोण जाणे.

"तो उठला आणि टेकाडामागं गेला. उठला तो कसा उठला, चार पायांवर की दोन, ते मी बघितलं नाय. मी डोळे मिटले होते. सकाळी उजाडल्यावर गेलो. रक्त नव्हतं. वारा सुटलेला, पायांचे ठसे पण नव्हते. ते लोक बोलले, चुकली, दुसरी मिळेल, आणि चहा प्यायले. त्या भागात उंट राखणारी माणसं असतात गो. रात्री बाहेर बसतात. अशीच बसतात."

"म्हणजे तो फोटो..."

"मला कुठं माहीत हाय?" चाचा म्हणाले. "बारा वर्षं विचारतोय सगळ्यांना. प्रत्येकाला माहीत हाय. मला नाय."

मला तो उंटवाला म्हातारा आठवला, आणि त्याला पाजलेला चहा.

त्यांनी फोटो माझ्या टेबलावर ठेवला, कपाटाची किल्ली त्याच्यावर ठेवली, आणि बॅग उचलली. खोलीवरचं सामान घेऊन विमानतळावर सोडायला कंपनीची व्हॅन यायची होती. "आत बसा, गाडी आली की जा," मी म्हटलं. त्यांनी हातानंच नको म्हटलं.

दुपारचे दोन वाजले असतील. मी बिलांचे दोन मेल पाठवले आणि मान वर करून काचेतून बाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडे, बंद गोदामाच्या शटरपाशी, वीतभर सावलीत कोणीतरी उकिडवं बसलं होतं. उन्हानं डोळे दिपत होते. पांढरा शर्ट, गुडघे पोटाशी, मान खाली. खाली रुंद, वर निमुळतं. मुसफ्फात दुपारी अशी शेकडो माणसं शटरपाशी बसलेली असतात, कंपनीच्या बसची वाट बघत, आणि तीन वर्षं मी त्यांच्यासमोरून एसीच्या गाडीतून जात-येत होते. मी बघत राहिले. चाचाच असतील, असं मनाशी म्हणाले. नव्वद टक्के.

मग मी उठले, काचेचं दार ढकललं आणि उन्हात बाहेर जाऊन उभी राहिले. त्यांनी मान वर केली, डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे निरखून पाहिलं, आणि मी कोण ते ओळखू आल्यावरच हात हलवला.